पडघा परिसरातील खाद्यसंस्कृती

पडघा परिसरातील खाद्यसंस्कृती म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव आणि त्याच्या आसपासची खेडी व आदिवासी पाडे यांतील पारंपरिक आहार, पाककृती आणि जेवणाखाण्याच्या चालीरीती होत. तांदूळ हे या आहाराचे मुख्य अन्न असून वाल, ताजी व सुकी मासळी, रानभाज्या आणि घरी तयार केलेला मिरचीचा मसाला ही त्याची प्रमुख अंगे आहेत. यांपैकी बहुतेक जिन्नस भातशेतीशी थेट जोडलेले आहेत. भाताचे खाचर येथील लोकांना धान्य तर देतेच. शिवाय पावसाळ्यातील मासे व खेकडे, बांधावरच्या पालेभाज्या आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर येणारे कडधान्य हेही त्याच जमिनीतून मिळते. त्यामुळे भातशेतीत होणाऱ्या बदलांचा परिणाम येथील संपूर्ण आहारावर होतो.

भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी

पडघा हे मुंबई–नाशिक महामार्गावर भिवंडी व शहापूर यांच्या दरम्यान वसलेले आहे. खडवली व वाशिंद ही मध्य रेल्वेची स्थानके गावापासून जवळ आहेत. परिसरातून वाहणारी भातसा नदी पुढे काळू नदीच्या पाण्यासह उल्हास नदीस मिळते. हा प्रदेश उत्तर कोकणात मोडतो. किनाऱ्यापासून आत असल्यामुळे येथे नारळाच्या बागा तुरळक आहेत. मात्र भिवंडी, काल्हेर, कशेळी व ठाण्याकडील खाडी जवळ असल्याने खाडीची मासळी येथील बाजारात सहज येते. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व वार्षिक पर्जन्यमान साधारणतः २,००० मिलिमीटरच्या वर असते. सखल जमिनीत भाताची खाचरे आणि उंचावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी अशी पिकांची पारंपरिक विभागणी आहे.

हा भाग प्राचीन व्यापारी मार्गांच्या सान्निध्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण व सोपारा या बंदरांचा उल्लेख आढळतो. या काळात पश्चिम भारताचा तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तशी व्यापार चालत असे. इजिप्तच्या किनाऱ्यावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात भारतातून गेलेली मिरी, तसेच तांदूळ व नारळ यांचे अवशेष सापडले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातील मिरची, रताळे, पपई, पेरू व काजू ही पिके पश्चिम किनाऱ्यावर आली. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. आज येथील जेवणाची ओळख मानला जाणारा लाल मिरचीचा मसाला या काळानंतरचा आहे. त्यापूर्वी तिखटपणासाठी मुख्यतः मिरी वापरली जात असे.

समाजघटक

पडघा परिसरात आगरी, कुणबी, कोकणी मुस्लिम तसेच वारली, कातकरी, ठाकूर व महादेव कोळी या आदिवासी जमाती राहतात. बौद्ध व इतर समाजांचीही वस्ती आहे. भिवंडी तालुक्याचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनुसार घोषित अनुसूचित क्षेत्रात येतो. शेजारच्या बोरिवली गावात कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती असून त्यांची कोकणी बोली मराठीला जवळची आहे. या सर्व समाजांच्या धार्मिक चालीरीती भिन्न असल्या तरी तांदळाची भाकरी, भात, कालवण व सुकी मासळी हा रोजच्या जेवणाचा पाया समान आहे. वेगळेपण मुख्यतः मसाल्याचे प्रमाण, सणाचे पदार्थ आणि रानातील अन्नावर असलेले अवलंबन यांत दिसून येते.

तांदूळ आणि रोजचे जेवण

भाताच्या लागवडीची तयारी उन्हाळ्यात राब भाजण्यापासून सुरू होते. पालापाचोळा, शेण व गवत रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळतात आणि पहिल्या पावसात तेथे बी पेरतात. जून अखेर ते जुलै या काळात आवणी, म्हणजे रोपांची लावणी, होते. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये कापणी व झोडणी होते. शेजारच्या वाडा तालुक्यातील बारीक दाण्याचा 'वाडा कोलम' तांदूळ प्रसिद्ध असून स्थानिक लोक त्यास 'झिणी' असेही म्हणतात. २०२१ मध्ये या तांदळास भौगोलिक मानांकन मिळाले. वाडा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर तो पालघर जिल्ह्यात गेला. बारीक तांदूळ बहुधा विक्रीसाठी वा पाहुण्यांसाठी राखला जातो आणि घरच्या रोजच्या भाकरीसाठी जाड तांदूळ वापरला जातो.

तांदळाची भाकरी हा सर्वांत नित्याचा पदार्थ आहे. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढतात. ती काठवटीत गरम असतानाच मळतात आणि हातावर किंवा काठवटीत थापून तव्यावर भाजतात. नीट मळलेल्या उकडीची भाकरी पांढरी, पातळ व मऊ होते आणि दुसऱ्या दिवशीही खाण्याजोगी राहते. सकाळी शिळी भाकरी चहाबरोबर किंवा सुक्या मासळीच्या चटणीबरोबर खाण्याची पद्धत आहे. शेतावर जाणारा माणूस भाकरी, कांदा व चटणी फडक्यात बांधून नेतो. नाचणीची भाकरी विशेषतः आदिवासी पाड्यांवर व वरकस जमिनीच्या गावांत खाल्ली जाते.

धान्याचा कोणताही भाग वाया न घालवणे हे या आहाराचे वैशिष्ट्य आहे. कांडताना वा भरडताना निघालेल्या कण्यांची कणेरी किंवा पेज करतात. आजारी माणसास, लहान मुलास व बाळंतिणीस मीठ घातलेली पेज देतात. कोंडा गुरांना व कोंबड्यांना घालतात आणि पेंढा गुरांच्या वैरणीसाठी ठेवतात. तांदळाच्या पिठापासून घावन, पानगी व वडे हे पदार्थ करतात. कोकणी मुस्लिम घरांत घावनाबरोबरच सांदण हा वाफवलेला पदार्थ आणि आखणी हा मांसाच्या रश्श्यात शिजवलेला भात प्रसंगानुसार केला जातो.

वाल व इतर कडधान्ये

भातकापणीनंतर खाचरात शिल्लक राहिलेल्या ओलाव्यावर वाल, हरभरा, मूग व चवळी ही पिके घेतली जातात. त्यांस वेगळे पाणी द्यावे लागत नाही. पहाटेचे दव व जमिनीतील ओल त्यांना पुरते. शिवाय या पिकांच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीत नत्र स्थिर होते व पुढील भातास त्याचा लाभ होतो.

कडव्या वालाचे बिरडे हा ठाणे व रायगड जिल्ह्यांतील प्रसिद्ध पदार्थ होय. वाल रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवतात. मोड आल्यावर ते कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलतात. सोलण्याने कडवटपणा कमी होतो व दाणा मऊ शिजतो. हे काम वेळखाऊ असल्याने घरातील स्त्रिया व मुले एकत्र बसून ते करतात. बिरड्यात कांदा, खोबऱ्याचे वाटण, आमसूल व गूळ घालतात. मांसाहारी घरांत त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालण्याची रीत आहे. वालाचे शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस असे असून त्यातील 'लॅबलॅब' हा शब्द अरबीतून आला आहे. कडधान्य भिजवून मंद आचेवर शिजवणे आणि तेच गरिबांचे मुख्य प्रथिन असणे ही बाब इजिप्तमधील 'फूल मुदम्मस' या पदार्थातही दिसते. मात्र तेथे वालाऐवजी बाकला वापरतात व तो पदार्थ गव्हाच्या रोटीबरोबर खातात.

हिवाळ्यात वालाच्या हिरव्या शेंगा मडक्यात भरून 'पोपटी' लावतात. मडक्याच्या तळाशी व तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला घालून मध्ये शेंगा, रताळी, अंडी किंवा मसाला लावलेली कोंबडी ठेवतात आणि मडके उपडे करून भोवती जाळ करतात. पाणी न घालता पाल्याच्या वाफेवर अन्न शिजते. पोपटीचे मुख्य क्षेत्र रायगड जिल्हा असले तरी ती ठाणे जिल्ह्यातही केली जाते.

मासळी, खेकडे व मांस

आगरी व कोकणी मुस्लिम घरांत मासळीला विशेष स्थान आहे. खाडीतून बोय, निवटी, कोळंबी व चिंबोरी येते. समुद्राची मासळी मुंबई व वसईकडून येते. अमावास्येच्या सुमारास चिंबोरी मांसाने भरलेली असते, असा सार्वत्रिक समज असून त्या दिवसांत तिला मागणी वाढते.

पावसाच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर नदी-ओढ्यांतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत येतात. यास 'वलगण' म्हणतात. रात्री उजेड घेऊन जाळी, बांबूचे सापळे किंवा नुसत्या हातांनी हे मासे पकडले जातात. गाभोळी असलेले हे मासे चवदार मानले जातात. परंतु अंडी घालण्यापूर्वीच मोठ्या प्रमाणावर मासे पकडले गेल्यास पुढील पिढी घटते. याच काळात ओढ्याकाठी व बांधांच्या बिळांत गोड्या पाण्यातील लहान खेकडे मिळतात. त्यांना 'मुठे' म्हणतात. मुठ्यांचे पाय व नांग्या कुटून, पाणी घालून गाळतात आणि त्या पाण्यात वाटण घालून कालवण करतात. त्यामुळे रश्श्याला घट्टपणा व चव येते.

जून–जुलैत प्रजननकाळातील बंदीमुळे सागरी मासेमारी थांबते. या काळात सुके बोंबील, सुकट, जवळा, करंदी व वाकट्या यांवर भर असतो. सुकी मासळी भाजून चटणी करतात, वांगे किंवा बटाट्याबरोबर शिजवतात, किंवा कैरी व आमसूल घालून पातळ आंबट करतात. कोंबडी व बकऱ्याचे मांस पूर्वी सण, नवस व पाहुणचार यांपुरते असे. आता ते आठवड्याच्या जेवणातही असते.

मसाला आणि आगोटीची बेगमी

पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांना 'आगोट' म्हणतात. या काळात चार महिन्यांची बेगमी केली जाते. सुकी मासळी, कांदे, लसूण, मीठ, कडधान्ये, जळाऊ लाकूड व शेणाच्या गोवऱ्या घरात भरून ठेवतात. कैऱ्यांचे तुकडे मीठ लावून वाळवून आंबोशी करतात. पापड, कुरडया व सांडगेही याच दिवसांत होतात.

वर्षभराचा मसाला एप्रिल–मे महिन्यांत तयार करतात. रंगासाठी बेडगी किंवा काश्मिरी व तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा गुंटुरी अशा मिरच्या ठरावीक प्रमाणात घेऊन उन्हात वाळवतात. धने, हळकुंड, मिरी, लवंग, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, मोहरी इत्यादी जिन्नस वेगवेगळे भाजून मिरच्यांबरोबर कांडतात. पूर्वी हे काम उखळ-मुसळाने होई. आता ते डंखावर केले जाते. मसाला बरणीत दाबून भरतात व कीड लागू नये म्हणून हिंगाचे खडे ठेवतात. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते आणि सासू-सुनांच्या परंपरेने ते पुढे जाते. रोजच्या कालवणात या मसाल्याबरोबर भाजलेला कांदा, सुके खोबरे, आले व लसूण यांचे वाटण घालतात.

रानभाज्या व कंदमुळे

मे अखेरपासून जंगल, माळ व बांध यांवर रानभाज्या उगवू लागतात. आदिवासी स्त्रिया त्या खुडून घरी वापरतात व उरलेल्या महामार्गालगत किंवा गावोगावच्या बाजारात विकतात. त्यांत शेवळी, टाकळा, कुर्डू, कुलू (फोडशी), भारंगी, कंटोली आणि बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, या प्रमुख आहेत. टाकळा, कुर्डू व कुलू या भाज्या मुख्यतः माळावर, बांधावर व शेताच्या कडेला मिळतात. शेवळी, वास्ते व भारंगी जंगलात मिळतात.

या भाज्यांविषयीचे ज्ञान केवळ चवीपुरते नसून अन्न सुरक्षित करण्याचेही आहे. शेवळीत कॅल्शियम ऑक्सलेटचे सूक्ष्म स्फटिक असल्याने ती तशीच खाल्ल्यास घशाला खाज सुटते. म्हणून ती चिंच, आमसूल किंवा काकड या झाडाची आंबट फळे घालून शिजवतात. बाजारातही शेवळीच्या जुडीबरोबर काकडे विकली जातात. वास्ते बारीक चिरून पाण्यात ठेवतात व ते पाणी टाकून देतात. कडूकंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून वाहत्या ओढ्यात ठेवतात. कडवटपणा व अपायकारक द्रव्ये निघून गेल्यावरच ते कंद खाल्ले जातात. वनस्पती ओळखता येत नसल्यास किंवा तिची प्रक्रिया ठाऊक नसल्यास अशी भाजी खाऊ नये, असा दंडक आहे.

मोहाची फुले वाळवून साठवतात, कच्च्या फळांची भाजी करतात आणि बियांचे तेल काढतात. उन्हाळ्यात ताडगोळे, करवंदे, जांभळे, फणस व आंबे मिळतात.

टंचाईचा काळ

आषाढ व श्रावण हे महिने अन्नटंचाईचे असत. आधीच्या हंगामाचे भात संपलेले असे, नवे पीक शेतात उभे असे आणि आवणी उरकल्यावर मजुरीही थांबत असे. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे या दिवसांत रानभाज्या, कंद, मुठे व मासे यांवर निर्वाह करीत. त्यामुळे आज शहरात हौसेने विकत घेतल्या जाणाऱ्या अनेक रानभाज्या मुळात गरजेचे अन्न होत्या.

या काळात आदिवासी कुटुंबांना सावकाराकडे जावे लागू नये, यासाठी राज्याच्या आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज योजना राबवली गेली. २०२० मध्ये त्याऐवजी प्रतिकुटुंब ४,००० रुपयांचे खावटी अनुदान रोख व वस्तुरूपात देण्याचा निर्णय झाला. शाळांतील मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना १९९५ मध्ये सुरू झाली व तिच्यामुळे खिचडी हा पदार्थ खेडोपाडी नित्याचा झाला. अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण जेवण देणारी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनाही राज्यात सुरू आहे.

सण, नेम व समारंभ

आषाढी अमावास्येस, म्हणजे श्रावणाच्या आदल्या दिवशी, मांसाहार करून पुढे महिनाभर तो वर्ज्य करण्याची पद्धत अनेक हिंदू घरांत आहे. आठवड्यातील सोमवार, गुरुवार व शनिवार हे दिवसही काही घरांत पाळले जातात. गणेशोत्सवात गणपतीस गोड नैवेद्य असतो; परंतु आगरी व कोळी समाजातील अनेक घरांत गौरीस मासळी, चिंबोरी किंवा मटणाचा तिखट नैवेद्य दाखवतात. माहेरवाशिणीस तिच्या आवडीचे खाऊ घालावे, अशी यामागील भावना आहे.

दिवाळीच्या सुमारास वारली व इतर आदिवासी घरांत वाघबारस पाळतात व नव्या तांदळाचा नैवेद्य दाखवतात. काकडीचा कीस व तांदळाचे पीठ एकत्र करून पानात वाफवलेले पदार्थ, उकडलेल्या चवळीच्या शेंगा व कंद हा या सणाचा आहार असतो. नवे धान्य व नवी भाजी देवास दाखवल्याखेरीज खाऊ नये, हा नेम जुन्या पिढीत काटेकोर पाळला जाई. त्यामुळे पीक व वनस्पती पक्व होण्यापूर्वी तोडली जात नसत. शिमग्यास पुरणपोळी करतात. कोकणी मुस्लिम घरांत ईदच्या दिवशी शिरखुर्मा व मांसाचे पदार्थ केले जातात आणि ते शेजाऱ्यांकडे पाठवले जातात.

आगरी लग्नात हळदीच्या दिवशी तांदळाचे वडे व मटण यांचे जेवण असते. लग्नविधीत धवलारीण ही स्त्री धवले गाते. पूर्वी गावातील स्त्रिया एकत्र येऊन तांदूळ निवडणे, पीठ दळणे व वडे करणे ही कामे करीत आणि पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसे. आता ही कामे बहुधा आचारी करतात व पत्रावळीची जागा कागदी ताटांनी घेतली आहे.

जेवणाच्या रीती

जमिनीवर मांडी घालून उजव्या हाताने जेवणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. ताटात प्रथम भाकरी व कालवण आणि नंतर भात वाढतात. पाहुण्यास जेवल्याशिवाय जाऊ न देणे हा शिष्टाचार मानला जातो. चहा तरी घेतलाच पाहिजे, असा आग्रह असतो. आवणी व कापणीच्या दिवसांत शेतावर काम करणाऱ्यांना शेतमालकाच्या घरून जेवण देण्याची रीत होती. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने काम करणाऱ्या कुटुंबांत हे जेवणच श्रमाची परतफेड समजले जाई.

घरातील स्त्रियांनी सर्वांत शेवटी जेवण्याची प्रथा दीर्घकाळ होती. टंचाईच्या दिवसांत त्यांच्या वाट्यास मासळीचे तुकडे न येता रस्सा व भाकरीच येई. विभक्त कुटुंबे व स्त्रियांची नोकरी यांमुळे ही प्रथा आता शिथिल होत आहे.

बदलते स्वरूप

विसाव्या शतकात भिवंडी यंत्रमागांचे केंद्र बनले व उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणा इत्यादी भागांतून कामगार आले. त्यांच्यासाठी महिन्याच्या हिशेबावर चालणाऱ्या खानावळी निघाल्या. रोटी, डाळ व बिर्याणी हे पदार्थ परिसरात रुळले. शिधावाटपात तांदळाबरोबर गहू मिळू लागल्याने चपातीने सकाळच्या भाकरीची जागा अंशतः घेतली. महामार्गालगत वडापाव, मिसळ व ढाब्यावरील जेवण मिळते.

अलीकडील दशकांत भिवंडी तालुका देशातील गोदामांचे एक मोठे केंद्र झाला आहे. गोदामे प्रथम मुंबईला जवळच्या गावांत उभी राहिली व नंतर नाशिक महामार्गाच्या कडेने पडघ्याकडे पसरली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातच असल्याने जमिनीची मागणी आणखी वाढली. जमीनविक्री व भाडे यांतून काही कुटुंबांचे उत्पन्न वाढले आणि तरुणांना गोदामांत रोजगार मिळाला.

मात्र खाचर भराव घालून बुजवले की केवळ भाताचे उत्पादन थांबत नाही. त्या ओलीवर येणारा वाल, बांधावरचा टाकळा व कुर्डू, बिळांतील मुठे आणि वलगणीच्या माशांची वाट हे सर्व एकाच वेळी नाहीसे होते. तांदूळ दुकानातून विकत आणता येतो; परंतु जे अन्न पूर्वी विकत घ्यावे लागत नव्हते, त्याची भरपाई रोख पैशातूनच करावी लागते. याची झळ जमीन विकणाऱ्यापेक्षा त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या व तिच्या कडेला भाजी खुडणाऱ्या भूमिहीन कुटुंबांस अधिक बसते. उरलेल्या शेतांत तणनाशकांच्या वापरामुळे बांधावरच्या खाद्य वनस्पती तण म्हणून नष्ट होतात.

दुसरीकडे या आहाराविषयीची आस्थाही वाढली आहे. कृषी विभागातर्फे राज्यात पावसाळ्यात रानभाज्या महोत्सव भरवले जातात. महिला बचत गट घरगुती मसाला, तांदळाची भाकरी व पापड यांची विक्री करतात, तर मुंबई-ठाण्यातील आगरी महोत्सवांत भाकरी, सुकट व चिंबोरीच्या कालवणास मोठी मागणी असते. अशा प्रयत्नांमुळे पाककृती टिकण्यास मदत होते. तथापि त्यांचे जिन्नस ज्या खाचरांतून व बांधांवरून येतात, त्यांच्या संरक्षणावरच ही खाद्यसंस्कृती रोजच्या जेवणात टिकून राहणे अवलंबून आहे.